तुटलेला ब्लीडर: वाचवायची असते ती आतली सीट

प्रश्न थोडक्यात असा. बऱ्याच वर्षांच्या गाडीचं ब्रेक ऑईल बदलायला घेतलं. तीन चाकांचं काम नीट झालं. मागच्या डाव्या कॅलिपरवरचा (चाकाजवळ ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) ब्लीडर, म्हणजे ऑईल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू, मात्र हलेना. आधी पान्याने डोक्याचे कोपरे गोल झाले, मग पकडीने पिळल्यावर डोकंच तुटून हातात आलं. उरलेला तुकडा कॅलिपरमध्ये अडकलाय. गळती दिसत नाही, पेडल कडक आहे. असंच ठेवलं तर चालेल का? आणि काढायचा तर कसा?

आधी गाडी चालवण्याचं बोलू, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं. डोकं तुटलं म्हणजे ब्रेक गेला, असं नाही. आतला तुकडा अजून घट्ट बसलेला असेल तर तो ऑईल अडवून धरतो. पण तुम्ही त्याला पिळलंय, त्यामुळे तो जागचा थोडा हलला असण्याची शक्यता आहे. म्हणून तुटलेली जागा पुसून कोरडी करा, इंजिन चालू ठेवा आणि कोणाला तरी पेडल पूर्ण ताकदीने अर्धा मिनिट दाबून धरायला सांगा. तुम्ही टॉर्च घेऊन ती जागा बघा. जोरात ब्रेक मारल्यावर आतला दाब ७० ते १०० बारपर्यंत जातो, हलक्या दाबाला न दिसणारी गळती तेव्हा दिसते. तिथे नुसता ओलावा आला तरी गाडी जागेवरून हलवू नका. कोरडं राहिलं तर गाडी जपून गॅरेजपर्यंत नेता येईल, पण "गळत नाही ना, मग राहू दे" हा निर्णय घेऊ नका. त्या चाकात जुनं ऑईल तसंच आहे. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रकारच्या नव्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, ओल शोषलेल्या त्याच ऑईलसाठी किमान १४० अंशच धरलाय. उतारावर सतत ब्रेक लागले की नेमकं त्याच चाकात वाफ धरायची.

आता तो ब्लीडर आतून कसा असतो ते डोळ्यांसमोर आणा. पुढचे सगळे निर्णय त्यावरच आहेत. हा पोकळ स्क्रू आहे. वरून मधोमध एक भोक खाली जातं, पण टोकापर्यंत जात नाही. टोकाच्या जरा वर एक आडवं भोक त्याला मिळतं. खालचं टोक भरीव आणि शंकूसारखं निमुळतं असतं. कॅलिपरच्या आत तेवढ्याच उताराची खाच असते, तिला आपण सीट म्हणतो. शंकू सीटवर दाबून बसला की ऑईल बंद. आटे ऑईल अडवत नाहीत, ते फक्त शंकूला दाबून धरतात. म्हणजे डोकं तुटणं, आटे जाणं ही सगळी दुरुस्त होणारी दुखणी आहेत. सीट बिघडली की मात्र तो कॅलिपर बहुधा बदलावाच लागतो. मी हातात ड्रील घेतो तेव्हा माझं लक्ष तुकड्यावर नसतं, खालच्या सीटवर असतं.

तो जाम होतो त्याचं कारण अगदी छोटं आहे. वरची रबरी टोपी हरवते. मधल्या भोकात पाणी आणि चिखल साचतो, स्क्रू आतून गंजतो, बाहेरून आट्यांच्या तोंडाशी गंज धरतो. पोकळ असल्यामुळे त्याची भिंत आधीच पातळ, त्यात गंजाने आणखी खाल्लेली. म्हणून तो पिळल्यावर सुटण्याऐवजी मानेत तुटतो. ॲल्युमिनियमच्या कॅलिपरमध्ये तर दोन वेगळे धातू आणि ओल एकत्र आल्याने आट्यांत पांढरी भुकटी साचते आणि ती गंजापेक्षाही चिवट असते.

तुमच्या गाडीचे बाकीचे तीन सुटले, हे नशीब. पण हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या ब्लीडरचं डोकं अजून शाबूत आहे, त्यांच्यासाठी आधी लिहितो, कारण लढाई खरी तिथेच जिंकता येते. तारेच्या ब्रशने जागा लख्ख करा. मधल्या भोकातला चिखल बारीक तारेने काढा. आट्यांच्या तोंडाशी गंज सोडवणारं तेल थोडं थोडं, दोन-तीन वेळा लावा आणि रात्रभर राहू द्या. घाई करणाऱ्याचाच ब्लीडर तुटतो. मग सहा कोनांचा सॉकेट घ्या. बारा कोनांचा रिंग पाना कोपऱ्यांवरच जोर देतो आणि तेच गोल करतो, उघड्या तोंडाचा पाना तर इथे हातातच घेऊ नका. सॉकेट बसवण्याआधी ब्लीडरच्या डोक्यावर पितळी ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा) ठेवून हलक्या हातोडीने दहा-बारा ठोके द्या. ठोका लहान पण झटक्याचा हवा. त्याने गंजाची पकड मोडते. मधल्या भोकात घट्ट बसेल अशा मापाचं ड्रील बिट मागच्या बाजूने घालून ठेवलं तर पिळताना पातळ भिंत आत चेपत नाही.

आणि पहिला जोर उघडायच्या दिशेने देऊ नका. आधी आवळायच्या दिशेने किंचित, अगदी केसभर. मग उलट. हलला की तेल, परत थोडा आवळा, परत थोडा सोडा. हाताला कळतं ते असं: सुटणारा ब्लीडर "कट्" असा बारीक आवाज करून एकदम सैल पडतो. तुटणारा मात्र आवाज न करता रबरासारखा लवतो. पाना फिरतोय पण मऊ लागतोय, असं वाटलं की तिथेच थांबा. पुढच्या पाव फेऱ्यात तो तुटणार आहे.

थांबल्यावर पुढचा उपाय उष्णता. इथे लोखंडी आणि ॲल्युमिनियमचा कॅलिपर यांत फरक करा. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. त्यामुळे हॉट एअर गनने भोवतालचा भाग हाताला चटका बसेल इतका तापवला तरी आटे सैल पडतात. तिथे गॅसची ज्योत नको. ॲल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही, ६६० अंशांच्या आतच सरळ वितळतं, आणि त्याच्या बऱ्याच आधी त्याची ताकद जाते. बिडाचा कॅलिपर आणि पोलादी स्क्रू मात्र जवळजवळ सारखेच फुगतात. तिथे ज्योत बारीक ठेवून फक्त स्क्रूभोवतीचा भाग झटपट तापवायचा, स्क्रू गरम व्हायच्या आत. मग मेणबत्ती आट्यांच्या तोंडाला टेकवायची. वितळलेलं मेण बारीक फटीतून आत खेचलं जातं. हे मी अगणित वेळा केलंय आणि महागड्या स्प्रेपेक्षा जास्त वेळा यश आलंय. मात्र ज्योत वापरायची तर कॅलिपर गाडीवरून उतरवा, पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या), सील आणि रबरी बूट काढा, आतलं ऑईल रिकामं करा. बंद कॅलिपरमधलं ऑईल उकळून फवाऱ्यासारखं अंगावर येऊ शकतं आणि ते पेटतंही. आणखी एक गोष्ट जिवावरची आहे. काही ब्रेक क्लिनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतं. ते ओलं असताना ज्योत किंवा वेल्डिंग लागलं तर फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो. डब्यावर वाचा, आणि गरम करायच्या भागावर तो मुळीच मारू नका.

आता तुमच्या तुटलेल्या तुकड्याकडे येतो. तो बाहेर थोडा डोकावतोय की सपाट तुटलाय, यावर पुढचं ठरतं. तीन-चार मिलिमीटर बाहेर असेल तर दोन बाजू कानशीने सपाट करून लॉकिंग पकड लावता येते, पण मला यावर फारसा भरवसा नाही. तुम्ही एकदा पिळून बघितलंयच. सपाट किंवा जेमतेम बाहेर असेल आणि कॅलिपर बिडाचा असेल, तर माझा पहिला उपाय नट वेल्ड करण्याचा. तुकड्यावर नट मधोमध ठेवायचा आणि मिग वेल्डिंगने नटच्या भोकातून तुकड्याला धरायचं. यात जोडापेक्षा उष्णतेचा उपयोग जास्त: ती थेट स्क्रूतच जाते, स्क्रू फुगतो, गंज चिरडतो, थंड होताना आखडतो. लाली गेली की पाना लावायचा आणि तसंच आवळ-सोड करत काढायचं. पहिला नट तुटून आला तर निराश होऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या नटाला सुटणारे पुष्कळ बघितलेत. सीटला यात काहीच धोका नाही, म्हणून मी हा उपाय आधी सांगतो.

उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर मात्र विचार करून. ब्लीडरला भोक आयतंच असतं, त्यामुळे एक्स्ट्रॅक्टर ठोकून फिरवण्याचा मोह होतो. पण तो निमुळता असतो, पातळ भिंतीला आतून बाहेर फाकवतो आणि तुकडा आणखी घट्ट करतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका जुन्या गाडीच्या कॅलिपरमध्ये माझा एक्स्ट्रॅक्टर तुटला. तो कडक पोलादाचा, त्याला साधं ड्रील लागत नाही. त्या गाडीचे कॅलिपर मिळणं आधीच बंद झालं होतं. मालक बिचारे बरेच आठवडे गाडीविना राहिले आणि त्याला कारण माझी घाई होती. तेव्हापासून एक्स्ट्रॅक्टर मी फक्त आधी तापवलेल्या, तेल मुरलेल्या तुकड्यालाच लावतो आणि हाताला थोडी जरी लवचिकता जाणवली की काढून ठेवतो.

राहिलं ड्रील. हे काम गाडीखाली आडवं होऊन करायचं नाही. कॅलिपर उतरवा, व्हाइसमध्ये धरा, शक्य तर ड्रील प्रेसखाली लावा. आधी नवा ब्लीडर मिळवा आणि त्याच्या भोकात बारीक तार घालून भोक किती खोल जातं ते मोजा. तुमच्या तुकड्याचा वरचा किती भाग तुटून गेलाय ते त्यातून वजा करा. उरलेली खोली ड्रील बिटवर टेप गुंडाळून खुणा करा. टेपच्या पुढे बिट जाता कामा नये, कारण खाली शंकूचा भरीव भाग आणि त्याखाली सीट. आयतं भोक बिटला मधोमध धरतं, ही जमेची बाजू. भोक अर्ध्या-एक मिलिमीटरने वाढवत न्या. डाव्या हाताचे, म्हणजे उलटे फिरणारे बिट मिळाले तर तेच वापरा. अनेकदा चौथ्या-पाचव्या बिटाला तुकडा बिटसोबत फिरत वर येतो आणि काम संपतं.

नाही आला तर पुढे असं. समजा ब्लीडर १० मिमी आणि १ मिमी पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर) आहे. त्याच्या टॅपसाठी, म्हणजे आटे पाडायच्या हत्यारासाठी, ९ मिमीचं ड्रील लागतं. तुम्ही ८.५ वर थांबा. उरलेली पातळ साल टोकदार सुईने आट्यांपासून सोलून काढा. ती स्प्रिंगसारखी वेटोळं होऊन निघते, आणि निघाली की खालचा शंकू सैल पडतो. तो चुंबकाने उचलायचा. मग टॅप फिरवून आटे साफ करायचे, पण टॅप तळापर्यंत नेऊ नका, त्याचं टोक सीटला ओरखडा पाडतं.

ड्रील केलं म्हणजे किस आत गेला, हे गृहीतच धरा. पिस्टन काढून सगळं धुवावं लागतं. धुणं ताज्या ब्रेक ऑईलने किंवा ब्रेकसाठीच्या क्लिनरने. पेट्रोल, डिझेल, साधं तेल नको, त्याने सील फुगतात. मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा आतच असेल तर पिस्टन हवेने बाहेर येत नाही, फिरवून काढावा लागतो. जिथे हवेने काढता येतो तिथे समोर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि बोटं लांब. तो गोळीसारखा सुटतो.

आता सीट तपासा. टॉर्च लावून आत बघा. खाली अखंड, सारख्या रुंदीचं, चमकतं कडं दिसायला हवं. नव्या ब्लीडरच्या शंकूला मार्करची शाई लावा, हलका आवळा, सोडा आणि काढून बघा. शाई गोल सगळीकडून सारखी पुसली गेली तर सीट चांगली. एके ठिकाणी शाई तशीच राहिली तर तिथून ऑईल गळणार. जास्त आवळून हे कधीच बंद होत नाही, उलट पुढच्या वेळी हाच ब्लीडर तुटतो.

इथे मी स्पष्ट बोलतो. सीट खराब असेल आणि कॅलिपर मिळत असेल, तर बदला. कॅलिपर खूप गंजलेला असेल, पिस्टन अडकत असेल, तर सीट चांगली असली तरी बदला, एका स्क्रूसाठी दोन दिवस घालवू नका. ड्रम ब्रेकच्या व्हील सिलेंडरचा ब्लीडर तुटला तर मी काढायच्या भानगडीतच पडत नाही, सिलेंडरच बदलतो. भाग छोटा असतो आणि बहुधा आतूनही खराब झालेला असतो. फक्त त्याला येणाऱ्या पाइपचा नट तेवढ्याच काळजीने सोडा, नाहीतर पाइप पिळवटतो. ज्या जुन्या गाडीचे भाग मिळतच नाहीत, तिथे दुरुस्तीच्या किटमधला बुश बसवता येतो: कॅलिपरचं भोक मोठं करून त्यात निमुळते पाइप आटे पाडतात, बुश त्यात कायमचा बसतो, त्याच्या आत नवी सीट आणि नवा ब्लीडर. हे अनुभवी टर्नरकडून करून घ्यावं. कॅलिपरची भिंत किती जाड उरते यावर सगळं अवलंबून आहे, आणि ते त्याच्या नजरेलाच कळतं.

एक गोष्ट मात्र मला बघवत नाही. एकदा माझ्याकडे आलेल्या गाडीत ब्लीडरच्या जागी साधा बोल्ट पिळून वरून एपॉक्सी भरलं होतं. कोणी केलं ते माहीत नाही. त्या कुटुंबाला पेडल "जरा खाली जातं" एवढंच जाणवलं होतं. चाक उतरवलं तर डिस्कच्या आतल्या बाजूला ओल होती. एपॉक्सी, एम-सील, टेफ्लॉन टेप यांपैकी काहीही त्या शंकूची जागा घेऊ शकत नाही.

नवा कॅलिपर यायला वेळ असेल आणि आत हवा शिरली असेल, तर ब्लीडरशिवायही हवा काढता येते. होज (ऑईलचा रबरी पाइप) बँजो बोल्टने, म्हणजे ऑईल आतून जाणाऱ्या पोकळ बोल्टने, जोडलेला असेल तर कॅलिपर ब्रॅकेटवरून सोडा, पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीचा लाकडाचा ठोकळा घाला, म्हणजे पिस्टन बाहेर पडणार नाही. मग कॅलिपर असा फिरवून धरा की होजचं तोंड सगळ्यात वर येईल. हवा वरच जमते. मदतनीसाने पेडल दाबलं की बँजो बोल्ट किंचित सैल, बुडबुडे आले की आवळा, मगच पेडल सोडायचं. शेवटी दोन्ही तांब्याचे वायसर नवे घाला. हा तात्पुरता मार्ग आहे, पण योग्य केला तर पेडल खरंच कडक येतं.

नवा ब्लीडर घेताना जुना किंवा शेजारच्या चाकाचा सोबत ठेवून जुळवा: आटे, लांबी, शंकूचा उतार. ३/८ इंची, इंचाला २४ आट्यांचा ब्लीडर १० मिमीच्या भोकात बिनतक्रार शिरतो, कारण तो जेमतेम साडेनऊ मिमीचा आहे आणि पिचही जवळची आहे. फिरतो, बसल्यासारखा वाटतो, पण आटे अर्धेच धरतात आणि दाबाखाली सुटतात. बसवण्याआधी आट्यांच्या वरच्या भागाला अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) किंवा ब्रेकचं ग्रीस अगदी पातळ लावा. शंकूला आणि आडव्या भोकाला लागू देऊ नका. आवळायला साधारण ७ ते १५ न्यूटन-मीटर पुरतं, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. चाकाच्या नटला साधारण १०० लागतात, त्यावरून अंदाज येईल. छोटा पाना, मनगटाचा जोर, बस. आणि रबरी टोपी घाला. कॅलिपर नवा बसवलात तर ब्लीडर वरच्या बाजूला आलाय ना ते बघा. डावा-उजवा अदलाबदल झाला की ब्लीडर खाली येतो आणि कितीही पंप केलं तरी हवा निघत नाही.

हवा काढताना जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नका. पेडलच्या दाबाने ऑईल ढकलणाऱ्या मास्टर सिलेंडरचा जो भाग वर्षानुवर्षं वापरात नसतो तिथे गंज आणि खरखर साचलेली असते. सील तिथवर गेलं की फाटतं, आणि ब्लीडर दुरुस्त करून मास्टर सिलेंडर गमावल्यासारखं होतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. टाकीतलं ऑईल मध्येच संपू देऊ नका, रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. आट्यांना लावलेल्या तेलाचा अंश आत गेला असू शकतो, म्हणून त्या चाकातून नेहमीपेक्षा जास्त ऑईल वाहू द्या.

शेवटी सुरुवातीचीच तपासणी पुन्हा: इंजिन चालू, पेडल जोरात अर्धा मिनिट, टॉर्च ब्लीडरवर. पेडल हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळतंय. सरकत नसेल तर ब्लीडरभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी तो कोरडा निघाला की मोकळ्या सपाट जागेत हळू वेगात चार-सहा ब्रेक मारा, मग रस्त्यावर काढा. आठवड्याने चाकाच्या आतून एकदा परत बघा.